सूत्रकृमी १,८४० निघाले, पण त्यातले वेलीचे किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मिरज तालुक्यात नऊ वर्षांची थॉमसन द्राक्षाची बाग, डॉगरिजच्या खुंटावर (मुळाकडच्या वेगळ्या जातीवर) कलम केलेली. त्याआधी त्या रानात हळद आणि वांगी व्हायची. दोन हंगामांपासून मधल्या पाच-सहा ओळी मागे पडल्या आहेत. काडी बारीक, पान लहान, दुपारी वेल मलूल. दर पंधरा दिवसांनी शेणस्लरी चालू आहे. माती तपासून घेतली तर अहवालात एकच ओळ आली: "२०० सीसी मातीत एकूण सूत्रकृमी १,८४०, त्वरित नियंत्रण करावे." आता औषध सोडायचं का? आणि मेहुणे बिकानेरकडे ऑलिव्हच्या बागेवर कामाला आहेत, तिथेही सूत्रकृमीच सांगितले आहेत. ते आणि हे एकच का?

आधी औषधाचं. अजून काही सोडू नका. त्या अहवालात जे लिहायला हवं होतं तेवढंच नेमकं राहिलं आहे. १,८४० आकडा वाचून कोणाच्याही पोटात गोळा येईल, हे मला कळतं. पण सूत्रकृमी म्हणजे मिलीबग किंवा तुडतुड्यासारखी एक कीड नव्हे, ती धाग्यासारख्या बारीक कृमींची, प्राण्यांची अख्खी जमात आहे. चांगल्या मातीच्या ओंजळीत ते शेकड्यांनी असतातच. त्यातले बरेचसे जिवाणू खातात, काही बुरशी खातात, काही दुसऱ्या सूत्रकृमींनाच गिळतात. मुळाला तोंड लावणारे त्यातले थोडे. तुम्ही पंधरा दिवसांनी स्लरी सोडताय म्हणजे बोदात (वेलीच्या ओळीखालच्या उंच वाफ्यात) जिवाणूंची रेलचेल, आणि जिवाणू खाणारे सूत्रकृमी अशा ठिकाणी काही दिवसांत दुप्पट-चौपट होतात. तुमच्या १,८४० मधले १,५०० हे असले निघाले तर मला नवल वाटणार नाही.

पलूसकडच्या एका बागायतदाराने अशाच अहवालावरून दोनदा औषध सोडलं होतं. नंतर त्याची माती माझ्याकडे आली. तासभर मोजत बसले, मुळीला गाठी आणणाऱ्या मूळगाठ सूत्रकृमीची पिल्लं निघाली जेमतेम चाळीस. बाकी सगळे शेणातले. त्याच्या वेली मागे पडल्या होत्या त्या दीड फुटावरच्या घट्ट थरामुळे. पाणी तिथे तुंबून मुळी कुजत होती. दोन वेळचं औषध गेलं, एक हंगाम गेला, आणि घट्ट थर तसाच राहिला. म्हणून "किती" विचारायच्या आधी "कोणते" विचारा, असं मी प्रत्येकाला सांगते.

आता तुमच्या बागेत काय बघायचं ते. सुरुवात सूक्ष्मदर्शकापासून नको, कुदळीपासून करा. वाफसा असताना मागे पडलेल्या ओळीतल्या एका वेलीचा बोद ड्रिपरच्या बाजूने हलक्या हाताने उकरा. खोडापासून वीतभर सोडून, वीतभर ते हातभर खोलीपर्यंत. ठिबकच्या बागेत पांढरी मुळी ओल्या पट्ट्यातच गोळा होते. ओळींच्या मधल्या कोरड्या जागेतली माती आणलीत तर तिच्यात काही दिसणार नाही. मुळी ओढून काढू नका, ओढली की बारीक टोकं तुटून मातीतच राहतात, आणि आपल्याला हवी असतात ती टोकंच.

उकरताना एक गोष्ट नीट बघा, तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते: कलमाचा जोड मातीच्या वर आहे की खाली? डॉगरिज हा खुंट मूळगाठीच्या सूत्रकृमीला सहसा बळी पडत नाही. जागेवर कलम केलेल्या बागांमध्ये जोड आधीच खाली असतो, आणि दरवर्षी बोदावर शेणखत-माती चढत गेली की तो गाडला जातो. जोड ओल्या मातीत गेला की त्याच्या वरून थॉमसन स्वतःची मुळं सोडते. ही मुळं सूत्रकृमीला सहज बळी पडतात. वरून बाग डॉगरिजवरची दिसते, खालून निम्मी पोटभरणी थॉमसनच्याच मुळावर चाललेली असते. तेव्हा गाठ दिसली की ती मुळी धरून मागे मागे जोडापर्यंत जा. जोडाच्या वरून निघालेली असेल तर गोष्ट उलगडली. खालून, म्हणजे खुंटाच्या मुळीला खऱ्या गाठी असतील, तर जास्त काळजीने बघायला हवं: खुंट खरंच डॉगरिज आहे का, आणि सूत्रकृमीची जात नेहमीचीच आहे का.

गाठ कशी ओळखायची? टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या मुळाला येते तशी बोराएवढी गाठ द्राक्षात शोधाल तर हाती काही लागणार नाही. द्राक्षाच्या पांढऱ्या मुळीवर ती मोहरीएवढी, फार तर ज्वारीच्या दाण्याएवढी असते. कधी एकटी, कधी माळेत मणी ओवल्यासारखी एकामागून एक. मुळी पाण्यात विसळून पांढऱ्या ताटलीत घ्या, दहापट भिंग लावा. गाठीच्या अंगावर पिवळट-तपकिरी चिकट थेंब दिसला, तर ते अंड्यांचं पुंजकं. एका पुंजक्यात शेकड्यांनी अंडी असतात. ब्लेडच्या टोकाने गाठ उभी चिरली की आत मोत्यासारखा पांढरा, नासपतीच्या आकाराचा ठिपका दिसतो, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा. ती मादी. हा ठिपका एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलात की पुढे कोणाला विचारावं लागत नाही. प्रयोगशाळेत आम्ही मुळी फ्लॉक्सिन-बी या रंगाच्या पातळ द्रावणात १५-२० मिनिटं ठेवतो. अंड्यांची पुंजकी लालबुंद होतात आणि मोजायला सोपी जातात.

फसवणाऱ्या गाठीही आहेत. ओळीत ढैंचा पेरला असेल तर त्याच्या मुळावरच्या नत्राच्या गाठी वेलीच्या मुळांत मिसळून येतात. त्या मुळीच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात, आतून गुलाबी असतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळीच फुगलेली, ती सुटत नाही. खोडाच्या बुडाशी लाकडासारखी खडबडीत गाठ असेल तर तो जिवाणूचा रोग, त्याचा इथे संबंध नाही.

आणि बोदावरचं तण उपटून बघा. कामोणी, माठ यांच्या मुळांना गाठी लदलेल्या असतील तर मातीतली पिल्लं तिथून येत असण्याची शक्यता आहे. तुमच्या रानात आधी हळद आणि वांगी होती, दोन्ही मूळगाठीची लाडकी पिकं. म्हणजे बी तिथे आधीपासून आहे. पण मातीत पिल्लं सापडली म्हणून ती वेलीवरच जगतात असं ठरत नाही. मुळी बघितल्याशिवाय निदान पुरं होत नाही, आणि तुमच्या अहवालात मुळीचा उल्लेखच नाही.

नमुना पुन्हा द्यावा लागेल. मेलेल्या वेलीखालची माती घेऊ नका. मुळी मेली की सूत्रकृमी उपाशी पडतात, कमी होतात, आणि आकडा खोटा दिलासा देतो. पट्ट्याच्या कडेच्या, नुकत्या मागे पडू लागलेल्या वेली निवडा. दहा-बारा ठिकाणची माती एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो, आणि सोबत मूठभर बारीक मुळी. चांगल्या ओळीतला नमुना वेगळ्या पिशवीत द्याच, त्याशिवाय तुलना कशाशी करणार? पिशवी बंद करून सावलीत ठेवा. दुचाकीच्या डिकीत उन्हात दोन तास राहिली तर आत आलेले सूत्रकृमी मरतात, आणि आमच्या पद्धतींपैकी निम्म्या पद्धती जिवंत, हलणारे सूत्रकृमीच पकडतात.

हे का, ते समजून घ्या. इथेच बरेच अहवाल चुकतात. माती पाण्यात कालवून चाळण्यांवरून ओततात, ही सूत्रकृमीतज्ज्ञ कॉब यांची जुनी पद्धत. मोठ्या चाळणीवर खडे-काडीकचरा राहतो, खालच्या बारीक चाळणीवर, म्हणजे ४५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक जाळीवर, सूत्रकृमी राहतात. तो गाळ टिश्यू पेपरवर ठेवून पाण्याला टेकवला की एक-दोन दिवसांत हालचाल करणारे खाली पाण्यात उतरतात. नरसाळ्याची ही युक्ती बेअरमन यांनी १९१७ मध्ये जावा बेटावर काढली, तीही माणसाच्या आतड्यातल्या हूकवर्मच्या पिल्लांसाठी. मात्र जाड कड्यांचा संथ रिंग सूत्रकृमी कागदातून उतरतच नाही, आणि लांबलचक डॅगर सूत्रकृमीही फारसा उतरत नाही. त्यांच्यासाठी साखरेच्या द्रावणात माती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी लागते. १९६४ मध्ये जेनकिन्स यांनी मांडलेली पद्धत. लिटरला साधारण ४८० ग्रॅम साखर घातली की द्रावण इतकं जड होतं की सूत्रकृमी तरंगतात आणि माती खाली बसते. त्यामुळे "रिंग: शून्य" असं वाचलंत तर आधी विचारा, कोणत्या पद्धतीने काढले?

आता सूक्ष्मदर्शक. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तेवढाही पुरतो, ४०, १०० आणि ४०० पट दाखवणारा. थेंबात पहिली नजर तोंडाकडे. वनस्पतीला त्रास देणाऱ्या प्रत्येक सूत्रकृमीच्या तोंडात सुई असते. तिने तो मुळीची पेशी टोचतो. सुई नसेल, तोंड साध्या नळीसारखं असेल, आणि अन्ननलिकेच्या शेवटी चक्कीसारखा हलणारा गोळा दिसला, तर तो जिवाणूखाऊ. असे थेंबात सळसळत, चाबकासारखे फिरतात. नवखा माणूस यांनाच बघून घाबरतो. तोंड रुंद पेल्यासारखं आणि त्यात एक दात असेल तर तो शिकारी, दुसऱ्या सूत्रकृमींना खाणारा. सुई आहे पण तिच्या बुडाशी गोंडे नाहीत, आणि अन्ननलिकेचा मधला गोळा शरीराची पूर्ण रुंदी व्यापणारा, तर बहुतेक वेळा तो बुरशीवर जगणारा. एवढी चाळणी लावली की १,८४० चे किती उरतात ते बघा.

उरलेल्यांत खरी कसोटी लहान तिघांची लागते. तिघेही साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटरचे, तिघेही द्राक्षावर जगणारे, आणि घाईत एकमेकांच्या नावावर मोजले जाणारे.

पहिला मूळगाठीचा, त्याचं दुसऱ्या अवस्थेतलं पिल्लू. बारीक, पारदर्शक, नाजूक सुई, आणि शेपटीचं टोक काचेसारखं रिकामं. मादीचं जननद्वार नाही, कारण हे अजून पिल्लूच. दुसरा मूत्रपिंडाकार, म्हणजे रेनिफॉर्म. मातीत फिरते ती त्याची तरुण मादी. तिची सुई जास्त ठसठशीत, आणि शरीराच्या मागच्या भागात जननद्वार दिसतं. जननद्वार दिसलं की ते मूळगाठीचं पिल्लू नाही, इतकं सोपं. पुढे ती अर्धी मुळीत शिरते, अर्धी बाहेर फुगते, काजूच्या बीसारखी वाकडी. तिने गाठी होत नाहीत, म्हणून शेतात ती सुटून जाते. तिसरा लिंबूवर्गीय सूत्रकृमी. नागपूरच्या संत्र्यावाल्यांना तो चांगला माहीत आहे, पण तो द्राक्षावर आणि ऑलिव्हवरही जगतो, हे कमी जणांना ठाऊक असतं. याच्या पिल्लात उत्सर्जनाचं छिद्र शरीराच्या मध्याच्याही मागे असतं. मूळगाठीच्या पिल्लात ते पुढे, अन्ननलिकेजवळ. ४०० पटीत थोडा वेळ दिला की दिसतं. मुळीवर याची खूण वेगळीच: मुळी कितीही धुवा, मळकटच दिसते. माद्या बाहेर लोंबकळतात आणि त्यांच्या चिकट पदार्थाला मातीचे कण चिकटून बसतात.

बाकीचे त्या मानाने सोपे. पाणी ६० अंशांपर्यंत हलकेच तापवून सूत्रकृमी मारले की प्रत्येक जण आपापल्या ढंगात पडतो. स्पायरल सूत्रकृमी घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळतो. द्राक्षाच्या मातीत तो बहुतेकदा असतोच आणि मी त्याची फार चिंता करत नाही. लेजन सूत्रकृमी सरळ काडीसारखा पडतो, आखूड, जाडसर, चपट्या डोक्याचा, सुई बुटकी पण दणकट. तो मुळीच्या आत हिंडतो आणि मागे तपकिरी पट्टे सोडतो, म्हणून त्याचा खरा आकडा मातीत नसून मुळीत असतो.

डॅगरवर मात्र थांबते. तो सगळ्यांत लांब, दीड ते तीन मिलिमीटर किंवा जास्त; काळ्या तळाच्या बशीत तिरप्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी केसासारखा दिसतो. तोंडातली सुई इतकी लांब की तो सुईच ओढत चाललाय असं वाटतं; तिच्या मागच्या टोकाला पसरट पाकळ्या असतात. याच्याच एका जातीने, झिफिनेमा इंडेक्सने, शेतीशास्त्राला मोठा धडा दिला. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात ह्युइट, रॅस्की आणि गोहीन यांनी दाखवलं की द्राक्षाचा फॅनलीफ विषाणू हा सूत्रकृमी एका वेलीतून दुसऱ्या वेलीत नेतो. सूत्रकृमी विषाणू पसरवतो हे पहिल्यांदा सिद्ध झालं ते द्राक्षावरच. पण सगळे डॅगर म्हणजे इंडेक्स नव्हेत. इंडेक्सच्या शेपटीला खालच्या बाजूने बोटासारखा खुंट असतो. अमेरिकॅनम गटातले त्याहून लहान आणि साध्या, निमुळत्या आखूड शेपटीचे. डॅगर सापडले आणि सोबत पानांवर पिवळी नक्षी, पंख्यासारखी दुमडलेली पानं, आखूड-वाकडी पेरं दिसली, तर विषाणूची तपासणी वेगळी करून घ्या.

मूळगाठीची जात ओळखायची तर पिल्लू पुरत नाही, मादी लागते. मादीच्या पाठच्या टोकाची कातडी कापून, स्वच्छ करून बघितली की बोटाच्या ठशासारख्या रेषा दिसतात. इन्कॉग्निटात वरची कमान उंच आणि चौकोनी, जावानिकात दोन्ही बाजूंच्या ठळक रेषा ठशाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करतात, अरेनारियात कमान बुटकी, गोलसर. पहिला ठसा नीट कापायला मला कित्येक दिवस लागले होते. सुटलेला पापुद्रा काचेवर हरवला की सगळं पुन्हा. एका ठशावर मी निकाल देत नाही, किमान दहा माद्या बघते. इतकं करूनही एन्टेरोलोबाय नावाची जात फसवते. आपल्या देशात तिने पेरूच्या बागांना रडवलंय, तिचा ठसा इन्कॉग्निटासारखा दिसतो, आणि इतर मूळगाठींना दाद न देणाऱ्या कित्येक पिकांवर ती चढते. तुमच्या खुंटाच्या मुळीला, जोडाच्या खालून, भरपूर गाठी निघाल्या तर ठशावर थांबू नका, डीएनए चाचणी करून घ्या.

घरच्या घरी एक खात्रीची चाचणी आहे. मागे पडलेल्या ओळीची माती एका कुंडीत, चांगल्या ओळीची दुसरीत. दोन्हीत मूळगाठीला बळी पडणाऱ्या टोमॅटोचं निरोगी रोप लावा. निरोगी म्हणजे ट्रेमधलं, कोकोपीटमधलं. गादीवाफ्यातलं नको, ते गाठी घेऊनच येऊ शकतं. सहा आठवड्यांनी रोप अलगद काढून मुळं धुवा. मूळगाठीचं एक पिढीचक्र २७ अंशांच्या आसपास साधारण महिन्याभरात पुरं होतं, त्यामुळे असतील तर गाठी नक्की दिसतील. खर्च दोन कुंड्यांचा. मात्र ही चाचणी फक्त मूळगाठीची. रेनिफॉर्म, डॅगर, लिंबूवर्गीय यांच्याबद्दल टोमॅटोच्या गाठी काही सांगत नाहीत.

मेहुण्यांच्या ऑलिव्हचं. काही पाहुणे दोन्हीकडे सारखेच: जावानिका आणि इन्कॉग्निटा ऑलिव्हलाही गाठी आणतात, लेजन सूत्रकृमी तिथेही असतात, आणि लिंबूवर्गीयाचं मी वर सांगितलंच. काही मात्र ऑलिव्हच्याच घरचे आहेत. दक्षिण स्पेनमध्ये रानटी ऑलिव्हवर मूळगाठीची बेटिका नावाची वेगळी जातच सापडली. स्पेनच्या आंदालुसिया भागातल्या रोपवाटिकांच्या पाहणीत कुंड्यांमधल्या रोपांच्या मुळांतच मूळगाठ आणि लेजन आढळले होते. म्हणून त्यांना पहिला प्रश्न असा विचारा: रोपं कुठून आली, आणि कुंडीच्या मूळ मातीच्या गोळ्यातल्या मुळांना गाठी आहेत की नंतर वाळूत पसरलेल्या मुळांना? गोळ्यातल्या मुळांना असतील तर रोग बहुधा रोपासोबत आला. बिकानेरसारखी वाळू मूळगाठीला मानवते, आणि वाळूतले नमुने चाळायलाही सोपे. आपल्या काळ्या मातीसारखी जाळी तुंबत नाही. ऑलिव्हचं झाड हळू बोलतं. रोप असताना खुरटतं, मोठं झालं की वर्षानुवर्षं तग धरतं. उभी फांदी अचानक वाळली असेल तर सूत्रकृमीच्या आधी व्हर्टिसिलियम मर (बुरशीचा रोग) तपासा. स्पेनमध्ये ऑलिव्हचा तो मोठा शत्रू आहे.

परत तुमच्याकडे. नवा नमुना देताना प्रयोगशाळेला लेखी विचारा: प्रत्येक प्रजातीचा आकडा वेगळा द्या, काढण्याची पद्धत लिहा, आणि पाच ग्रॅम मुळीतले किती तेही सांगा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालतं. तिथे विचारणा करा. नवी पांढरी मुळी चालत असेल आणि मातीत ओल असेल अशी वेळ धरा, एप्रिलच्या कोरड्या रानातला नमुना नको. मधल्या काळात कमजोर ओळींमधलं खोरं-टिकाव चांगल्या ओळींत नेऊ नका, आणि जोड गाडला गेला असेल तर त्याच्याभोवतीची माती बाजूला करून ठेवा. जोडाच्या वरची मुळी एका पिशवीत, खालची दुसऱ्या पिशवीत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पुसते, आणि मग कोणती पिशवी कुठली हे कोणालाच सांगता येत नाही.